चित्रतुरग आणि सेंच्युरियन

एकाच वस्तूच्या दोन प्रतिकृती शेजारी शेजारी ठेवून त्यांपैकी अधिक खरी कोणती असे विचारले, तर तो प्रश्न वरवर कारागिरीचा वाटतो. परंतु जे स्वतः मूळ नाही ते मुळाविषयी खरे किंवा खोटे कसे ठरू शकते, हा भारतीय दर्शनांनी आणि साहित्यशास्त्राने दीर्घकाळ चघळलेला प्रश्न त्याच्या बुडाशी असतो. देवाच्या मूर्तीविषयी हा प्रश्न विचारला की उत्तर लगेच श्रद्धेच्या किंवा अश्रद्धेच्या अंगाने जाते, कारण तेथे मूळ कोणी मोजलेले नसते. प्लॅस्टिकच्या लहान रणगाड्याविषयी तोच प्रश्न विचारला असता मात्र मूळ पोलादाचे असल्यामुळे ते मोजता येते, आणि म्हणून मूर्तीच्या वादात जे धूसर राहते ते येथे मिलिमीटरच्या हिशेबात उघडे पडते. एवढ्याच कारणासाठी छंदाची ही वस्तू तत्त्वचिंतनाच्या मेजावर आणणे योग्य आहे.

या छंदातील ‘किट’ म्हणजे पॉलिस्टायरीन नावाच्या प्लॅस्टिकचे, साच्यात दाबाने भरून काढलेले सुटे भाग. ते ‘स्प्रू’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चौकटीला चिकटलेले असतात आणि ते कापून, घासून, चिकटवून, रंगवून ठरावीक प्रमाणातली प्रतिकृती उभी करायची असते. येथे विचारासाठी घेतलेला रणगाडा सेंच्युरियन हा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये घडवला गेलेला, चार जणांच्या चमूचा, सुमारे ५१ टन वजनाचा हा रणगाडा पुणेकरांना परका नाही. १८१७ मध्ये पूना ऑक्झिलरी हॉर्स या नावाने उभ्या राहिलेल्या घोडदळापासून परंपरा सांगणारी पूना हॉर्स ही पलटण १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत याच रणगाड्यांवर लढली. तिचे नायक लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर १६ सप्टेंबर १९६५ रोजी आणि पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी धारातीर्थी पडले, आणि दोघांनाही मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. खेत्रपालांच्या रणगाड्याचे नाव ‘फामागुस्ता’. पुणे जिल्ह्यातल्या अंथुर्णे या गावाहून उत्तरेला भीमा ओलांडून गेले की अहिल्यानगरला, म्हणजे जुन्या अहमदनगरला, चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे; फामागुस्ता तेथेच जतन केलेला आहे आणि १९९४ पासून त्या शहरात रणगाड्यांचे संग्रहालयही आहे. तात्पर्य, या भागातल्या माणसाला प्रतिकृती आणि मूळ यांच्यातले अंतर एका दिवसाच्या प्रवासात मिटवता येते.

या रणगाड्याची १/३५ प्रमाणातली दोन किटे विचारात घेता येतात. एक जपानच्या तामिया कंपनीचे, १९७० च्या दशकातले, मार्क ३ या आवृत्तीचे. दुसरे तैवानच्या एएफव्ही क्लब या कंपनीचे, एकविसाव्या शतकातले, मार्क ५ चे. ‘मार्क’ म्हणजे एकाच यंत्राची सुधारित आवृत्ती. पहिल्या किटातले भाग थोडे, जोडणी सुबोध आणि हात नवखा असला तरी आकार चटकन उभा राहणारा. दुसऱ्यात भागांची संख्या कितीतरी मोठी आणि जेथे प्लॅस्टिक पुरेसे पातळ काढता येत नाही तेथे आम्लाने कोरलेले पितळी पत्रे. दोहोंची तुलना करणारा सहसा कोणत्या कंपनीची झाकणे जास्त रेखीव, कोणाचे वेल्डिंगचे व्रण जास्त खरे, अशी यादी करतो. ती यादी उपयोगी असते. पण दोन्ही किटे ‘त्याच रणगाड्याची’ आहेत हे तिने आरंभीच गृहीत धरलेले असते, आणि तपासायचे ते नेमके हेच गृहीतक आहे.

सेंच्युरियन चार हजारांहून अधिक संख्येने बांधले गेले. त्यांच्या आवृत्त्या बदलल्या, आणि सैन्यात गेल्यावर प्रत्येक गाडीवर दुरुस्त्यांचे वेगळे थर चढले. मार्क ५ मध्ये आधीची बेसा मशीनगन जाऊन ब्राउनिंग आली; भारताने घेतलेल्या गाड्यांत मार्क ७ चा भरणा होता आणि त्या आवृत्तीत इंजिनावरच्या झाकणांची मांडणीच निराळी होती. अशा वेळी ‘सेंच्युरियन’ हा शब्द कशाचा वाचक मानायचा? नैयायिक म्हणतील की सर्व गाड्यांत समवायाने, म्हणजे वेगळा न करता येणाऱ्या संबंधाने, राहणारी एक जाती आहे आणि शब्द तिच्याकडे बोट दाखवतो. दिङ्नागापासूनच्या बौद्ध तर्कशास्त्रज्ञांचे उत्तर याच्या उलट आहे. त्यांच्या मते अशी भावरूप जाती नसतेच. ‘गाय’ या शब्दाचा अर्थ एवढाच की जे गाय नाही त्या सर्वांना वगळणे, आणि या वगळण्याला त्यांनी ‘अपोह’ म्हटले. दोन किटांची तुलना हातात असताना अपोहाचा सिद्धांत अधिक काम देतो, असे स्पष्टपणे म्हणावेसे वाटते. बाजूला सहा चाके, वर लोंबणारे पोलादी पडदे आणि लांब नळी एवढे दाखवले की प्रतिकृतीने पॅटन रणगाड्याला वगळले, विजयंतालाही वगळले. शाळकरी मुलाला तेवढा अपोह पुरतो आणि दोन्ही किटे तो सारखाच पुरवतात. जाणकाराची अपेक्षा पुढची असते: मार्क ३ च्या प्रतिकृतीने मार्क ५ लाही वगळले पाहिजे. आणि फामागुस्ताची प्रतिकृती करू पाहणाऱ्याला जगातला दुसरा प्रत्येक सेंच्युरियन वगळायचा असतो, जे कोणत्याही कारखान्याच्या साच्याला शक्य नाही. अचूकता म्हणजे मुळाच्या ‘जवळ जाणे’ असे सहसा समजले जाते. प्रत्यक्षात ती वगळण्याची मर्यादा कोठे आखली यावर ठरते, आणि ती मर्यादा माणूस आखतो.

सादृश्याच्या, म्हणजे सारखेपणाच्या, कल्पनेतही हीच अडचण दुसऱ्या वाटेने येते. उत्तरकालीन न्यायग्रंथांत सादृश्याची जी व्याख्या रूढ झाली तिचा आशय असा की, एखादी वस्तू दुसरीहून भिन्न असूनही तिच्यातले पुष्कळ धर्म बाळगत असेल तर ती त्या दुसरीसारखी होय. यातला ‘पुष्कळ’ हा शब्द वादाचे मूळ आहे. किती म्हणजे पुष्कळ, आणि कोणते धर्म मोजायचे? प्राभाकर मीमांसकांना ही अडचण इतकी खरी वाटली की त्यांनी सादृश्य हा द्रव्य, गुण, कर्म यांच्याहून वेगळा स्वतंत्र पदार्थच मानला. अमेरिकन तत्त्वज्ञ नेल्सन गुडमन यांनी १९६८ च्या आपल्या कलाविषयक ग्रंथात याच गाठीवर बोट ठेवले: सारखेपणा दोन्हीकडून असतो, प्रतिनिधित्व मात्र एकाच दिशेने जाते. तामियाचा सेंच्युरियन आणि एएफव्ही क्लबचा सेंच्युरियन यांच्यात जेवढे साम्य आहे तेवढे त्या दोघांत आणि ५१ टनांच्या पोलादात मुळीच नाही, कारण दोघेही प्लॅस्टिकचे, पोकळ आणि वीतभर लांबीचे आहेत. तरीही त्यांपैकी कोणी दुसऱ्याची प्रतिकृती नाही. तेव्हा केवळ सारखेपणाने प्रतिकृती घडत नाही, ती कोणाच्या नावाने उभी केली आहे हेही लागते.

तरीही सारखेपणा निरुपयोगी ठरत नाही. न्यायदर्शनात ‘उपमान’ हे ज्ञानाचे स्वतंत्र साधन आहे आणि त्याचे ठरलेले उदाहरण गवयाचे, म्हणजे रानगाईसारख्या एका प्राण्याचे: नगरात राहणाऱ्याला वनात वावरणारा सांगतो की गवय गाईसारखा असतो, आणि पुढे रानात तसा प्राणी दिसताच नगरवासी ‘हाच गवय’ असे ओळखतो. अंथुर्ण्यात बसून किट जोडलेल्या माणसाने नगरच्या संग्रहालयात चर्चिल, व्हॅलेंटाइन, पॅटन यांच्या रांगेतून सेंच्युरियन न विचारता ओळखणे हे उपमानाचेच काम आहे, आणि ते दोन्ही किटे पार पाडतात. गंमत अशी की ओळखण्याच्या कामी चुका आड येत नाहीत. ओळख पटल्यानंतर चुका दिसू लागतात. मूळ समोर उभे राहिले की त्याच माणसाला आपल्या प्रतिकृतीतले सारे खटकू लागते, म्हणजे ज्या प्रतिकृतीने त्याला मुळापर्यंत नेले तिचाच न्याय आता मूळ करते.

मोजण्याकडे वळताना कामसूत्रावरील यशोधराच्या ‘जयमंगला’ टीकेत नोंदलेली चित्राची सहा अंगे उपयोगी पडतात: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. यांतले प्रमाण म्हणजे अवयवांची परस्पर मापे. सेंच्युरियनची रुंदी सुमारे ३.३९ मीटर, म्हणून १/३५ प्रमाणात ती ९७ मिलिमीटरच्या जवळपास आली पाहिजे आणि १/७२ मध्ये ४७ च्या. किटात अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर मुळात ती साडेसतरा मिलिमीटरांची ठरते. पण ३५ हाच आकडा का? त्यामागे कोणतेही गणिती सौंदर्य नाही. १९६० च्या दशकाच्या आरंभी तामियाने पँथर रणगाड्याचे किट काढले तेव्हा आत विजेची मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढा आकार ठरवला, आणि मागाहून मोजले तेव्हा ते प्रमाण १/३५ निघाले. पुढे कंपनीने तेच चालू ठेवले, इतरांनी ते स्वीकारले, आणि आज जगभरच्या रणगाड्यांच्या प्रतिकृती ज्या मापाशी प्रामाणिक राहतात ते माप एका बॅटरीच्या जाडीतून जन्मले आहे. मूर्तिशास्त्रातली तालमाने, म्हणजे चेहऱ्याच्या लांबीच्या पटीत शरीर मोजण्याची पद्धती, अशीच कोठल्यातरी सोयीतून निघून नियम बनली असेल काय, हा विचार येथे मनात येतो. मात्र नियमाचा उगम योगायोगाचा असला म्हणून तो पाळण्यातला प्रामाणिकपणा खोटा ठरत नाही.

शिवाय लांबीचे प्रमाण सांभाळले म्हणजे सर्व प्रमाणे सांभाळली गेली असेही नाही. लांबी ३५ पटींनी घटली की क्षेत्रफळ १,२२५ पटींनी आणि घनफळ ४२,८७५ पटींनी घटते. त्या हिशेबाने ५१ टनांचा रणगाडा १/३५ मध्ये जवळजवळ एक किलो १९० ग्रॅमचा भरला पाहिजे. प्लॅस्टिकची प्रतिकृती त्याच्या आसपासही जात नाही. समोरचे ७६ मिलिमीटरचे चिलखत साधारण सव्वादोन मिलिमीटर जाडीचे हवे, आणि खऱ्या गाडीच्या साखळ्या स्वतःच्या वजनाने चाकांवर जशा झुकतात तशा हलक्या प्लॅस्टिकच्या साखळ्या झुकत नाहीत, म्हणून कारागीर त्या चिकटवून खाली ओढतो. ही युक्ती विचार करण्याजोगी आहे. डोळ्याला खरे दिसावे यासाठी वस्तूच्या स्वभावाविरुद्ध खोटे करावे लागते, आणि जो हे खोटे करत नाही त्याचीच प्रतिकृती खोटी दिसते. रंगातही हेच. वर्णिकाभंग म्हणजे रंगांची योग्य योजना. आता १/३५ ची प्रतिकृती हातभर अंतरावरून, समजा ३० सेंटिमीटरवरून, पाहणे हे खरा रणगाडा साडेदहा मीटरांवरून पाहण्यासारखे आहे आणि मधल्या हवेमुळे दुरून रंग फिके दिसतात, म्हणून कारखान्यातला अस्सल रंग जसाच्या तसा दिला तर तो गडद आणि खेळण्यासारखा वाटतो. काही जण रंगात पांढरा मिसळतात, काही जण अस्सल छटेलाच चिकटून राहतात; एकाची निष्ठा दिसण्याशी आहे, दुसऱ्याची असण्याशी. लावण्याविषयी येथे फारसे बोलण्याचे कारण नाही, कारण युद्धयंत्राला ते असलेच तर आपोआप येते.

प्रतिकृतीकडे पाहताना मनात नेमके कोणते ज्ञान होते, या प्रश्नाचे सर्वांत सूक्ष्म उत्तर नवव्या शतकातल्या शंकुक या काश्मिरी आचार्याने दिले. नट रामाची भूमिका करतो तेव्हा प्रेक्षकाला ‘हा राम आहे’ असे जे वाटते ते यथार्थ ज्ञान नाही, भ्रम नाही, संशय नाही आणि ‘हा रामासारखा आहे’ असे सादृश्यज्ञानही नाही. भिंतीवरच्या चित्रातला घोडा पाहून ‘हा घोडा’ म्हणताना होते तशी ती पाचवीच प्रतीती आहे. हाच चित्रतुरगन्याय, तुरग म्हणजे घोडा. रंगवून पुरा केलेला सेंच्युरियन हातात घेणारा ‘हा सेंच्युरियन’ असेच म्हणतो, ‘सेंच्युरियनच्या आकाराचे पॉलिस्टायरीन’ असे म्हणत नाही, आणि तरीही त्याला क्षणभरदेखील फसल्यासारखे वाटत नाही. पूना हॉर्स या नावातही असाच एक तुरग राहून गेला आहे: घोडे कधीच गेले, त्यांच्या जागी रणगाडे आले, तरी ‘हॉर्स’ हा शब्द तेथे खोटा झाला नाही.

अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत यांनी शंकुकावर घेतलेला आक्षेप मात्र आपल्या तुलनेला थेट भिडतो. एकाने दुसऱ्याचे अनुकरण केले असे म्हणायचे तर ज्याचे अनुकरण झाले तेही कोणीतरी पाहिलेले असले पाहिजे. रामाला कोणी पाहिले आहे? किटांचा आराखडा करणाऱ्यांनी सेंच्युरियन जरूर पाहिलेला असतो, पण तो संग्रहालयात उभा असलेला, रंग बदललेला, एखाददुसरा भाग हरवलेला. खेत्रपाल जेथे लढले त्या जर्पालच्या रणांगणावर १९७१ च्या डिसेंबरात जो होता तो नव्हे. जोडणाऱ्याने तर बहुधा छायाचित्रेच पाहिलेली असतात, म्हणजे प्रतिकृतीचा आधारही प्रतिरूपेच. लक्षात घेण्याजोगे हे की शंकुकाचा स्वतःचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्याचे मत कळते ते त्याचे खंडन नोंदवणाऱ्या अभिनवगुप्ताच्या ‘अभिनवभारती’ या टीकेतून. मूळ हरवले आणि विरोधकाने प्रामाणिकपणे जपलेले प्रतिरूप उरले, आणि त्यावर हजार वर्षे विचार चालला. भट्टतौतांचा आक्षेप बलवान असला तरी त्याला हा एक जिवंत प्रतिदाखला आहे.

याच्या पलीकडे एक निराळे जग आहे, आणि अंथुर्ण्याच्या रस्त्यावरून ते दरवर्षी चालत जाते. तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी या वाटेने इंदापूरकडे जाते. तिच्यात असतात त्या पादुका. पादुकांचे तुकोबांशी कोणतेही सादृश्य नाही. त्यांत चेहरा नाही, माप नाही, पुष्कळ समान धर्म नाहीत, आणि तरी त्यांच्यासमोर वाकणाऱ्या माणसाला ‘हे तुकोबांसारखे दिसत नाही’ असे सांगणे निव्वळ अप्रस्तुत ठरेल. बेलवाडीच्या गोल रिंगणात स्वाराच्या अश्वाबरोबर धावणाऱ्या देवाच्या अश्वाची पाठ रिकामी असते. चित्रतुरगात घोडा रंगाचा असतो आणि पाहणारा खरा. येथे घोडा हाडामांसाचा असून स्वार भावाचा आहे. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात शंकराचार्यांनी प्रतीकोपासनेविषयी जो निवाडा दिला आहे त्याचा आशय असा की प्रतीकावर ब्रह्माची दृष्टी ठेवावी, ब्रह्मावर प्रतीकाची नव्हे. सेवकाला राजासारखा मान देता येतो, राजाला सेवकासारखे वागवता येत नाही. प्रतीकाची दिशा अशी खालून वर जाते. पोळ्याला किंवा बेंदराला पुजले जाणारे मातीचे बैल या दोन टोकांच्या मध्ये येतात: शिंगे आणि वशिंड एवढ्यावरच अपोह भागतो, आणि कुंभाराने बैलाचे खूर चुकीचे केले म्हणून कोणाच्या घरची पूजा अडत नाही.

यावरून असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो की भाव असला की पुरे, मग मिलिमीटर मोजणारा माणूस वाळूतले कण मोजत बसला आहे. हा निष्कर्ष मान्य करता येत नाही. पादुका आपण तुकोबांची मोजदाद आहोत असा दावा करत नाहीत, म्हणून त्यांना मापाने खोटे पाडता येत नाही. प्रतिकृती मात्र खोक्यावरच्या नावापासून तो दावा करते आणि त्यामुळे जाबदार होते. प्रतीक, प्रतिमा आणि प्रतिकृती यांतला खरा भेद साम्याच्या कमीअधिकपणात नसून त्यांनी पत्करलेल्या जबाबदारीत आहे. मार्क ३ चे किट जोडून त्यावर फामागुस्ता हे नाव लिहिणे आणि ‘भाव महत्त्वाचा’ असे म्हणणे ही प्रतीकाची सवलत प्रतिकृतीने चोरणे होय. उलट प्रत्येक रिव्हेट अचूक असलेली, पण कोणाच्या नावाने उभी आहे याचा पत्ता नसलेली प्रतिकृती केवळ हस्तकौशल्य म्हणून उरते. तामियाच्या जुन्या किटाला कमी भाग असल्याचा दोष देणे म्हणूनच अन्यायाचे आहे. ते ‘सेंच्युरियन’ म्हणते आणि तेवढे निभावते. एएफव्ही क्लबच्या किटाने अधिक बारीक दावा केला आहे, तेव्हा त्याला अधिक बारकाईने तपासणे हा त्याचा मानच आहे.

फामागुस्ताच्या बाबतीत ही जबाबदारी आणखी जड होते, कारण तेथे वस्तूशी एका माणसाचे मरण जोडलेले आहे. पेटलेल्या रणगाड्यातून बाहेर पडण्याचा आदेश मिळाल्यावर, तोफ चालते आहे तोवर रणगाडा सोडणार नाही, अशा अर्थाचे उत्तर एकवीस वर्षांच्या खेत्रपालांनी बिनतारी संदेशाने दिले, हे सर्वश्रुत आहे. त्या रणगाड्याची प्रतिकृती करणाऱ्याने चुकीची झाकणे तशीच ठेवणे हे श्राद्धाच्या संकल्पात चुकीचे नाव उच्चारण्यासारखे आहे. हेतू शुद्ध असला तरी उच्चार दुरुस्त करण्याचे कष्ट घेतलेच पाहिजेत. परंतु कोणता फामागुस्ता? आज जतन केलेला रणगाडा दुरुस्त केलेला आणि पुन्हा रंगवलेला आहे. पंढरपूरच्या मूर्तीला वज्रलेप केला, म्हणजे झिजलेल्या पाषाणावर संरक्षक थर दिला, म्हणून विठोबा दुसरा झाला असे वारकरी मानत नाही, आणि त्याच न्यायाने नगरचा फामागुस्ता हा तोच फामागुस्ता आहे; तरी १६ डिसेंबर १९७१ च्या सकाळी तो जसा होता तसा तो आज दिसत नाही. समजा, दोन कुशल कारागिरांनी दोन वेगवेगळ्या किटांपासून आरंभ करून, मार्क ७ ची झाकणे हाताने घडवून, एकही चूक न करता दोन फामागुस्ता पुरे केले, एकाने संग्रहातला स्वच्छ आणि दुसऱ्याने त्या सकाळचा, बसंतर नदीकाठच्या धुळीने माखलेला पण अद्याप गोळा न लागलेला. दोन्ही अचूक असतील आणि एकमेकांसारखे दिसणार नाहीत. त्यांतला एक निवडायचा झाला तर त्या सकाळचा निवडावा, कारण संग्रहातला रणगाडा पाहायला नगरला जाता येते, आणि त्या सकाळच्या रणगाड्यापर्यंत पोचायला दुसरी कोणतीही वाट उरलेली नाही.